लोखंड काढून आत या

त्या खंडेनवमीले तळघरातल्या खोलीत आमी पाच जन होतो. प्रमोद सर, ज्यांची ती खोली. त्यांची माय वत्सलाबाई, अकोल्याहून आलेली. नाझिमा, सरांच्या हाताखाली शिकनारी अचलपूरची पोरगी. बबनराव, आमच्या कॉलेजातला शिपाई, साऱ्या चाव्या त्याच्याजवळ राहत. अन् मी, पर्वताबाई, त्या बिल्डिंगीत झाडपूस करनारी. आता सर नाहीत. बबनरावबी गेला. वत्सलाबाईले डोळ्यानं नीट दिसत नाही, अन् माये पाय चालत नाहीत. म्हनून सांगून ठेवते. मी बोलते, नाझिमा लिहून घेते.

सर अमरावतीले आले तवा कॉलेजात लय बोभाटा झाला. बाहेरदेशात राहून आलेला मानूस, मोठ्या मोठ्या ठिकानी काम केलेला, अन् आमच्या तळघरात येऊन बसला. तिथं पहिले मोडके बाक ठेवलेले होते. ते काढले, भिंती काळ्या रंगवल्या, अन् मंग खोक्यावर खोके येत राहिले. सरांनी सगळ्यात पहिले मले बोलावलं.

"मावशी, इथं झाडू नाही चालनार."

"मंग काय फुंकर मारू?"

सर हासले. "ओला फडका. अन् फडकाबी झटकाचा नाही. माह्या मशीनले धूळ अशी झोंबते जशी डोळ्यात मिरची."

त्यांनी सोता वाकून मले दाखवलं, फडका कसा एकाच बाजूनं ओढाचा. एवढा शिकलेला मानूस जमिनीवर गुडघे टेकून फरशी पुसून राहिला होता. बबनराव दारातून पाहून म्हने, "पर्वताबाई, तुही नोकरी गेली वं!"

दाराजवळ सरांनी एक बांबूचं टोपलं ठेवलं. कोनीबी येवो, पहिले टोपल्यात लोखंड काढून टाकाचं. चाव्या, पिना, चाकू, मोबाईल, सारं. आपल्या बायांचं तं कसं राहते, बांगडीत दोन-चार पिना लटकलेल्याच राहतात. मी रोज त्या काढून टोपल्यात टाको अन् जाताना परत घालो. सर म्हनत, "लोखंड काढून आत या." हे त्यांचं 'या, बसा' होतं.

एकदा प्राचार्य साहेब मशीन पाहाले आले. पट्ट्याचं बक्कल लोखंडाचं. सर म्हनले, पट्टा काढा.

"अहो डॉक्टर, मग पँट कशी सांभाळू?"

"हातानं धरा सर. इथं कोनी फोटो काढत नाही."

प्राचार्य साहेब दोन्ही हातानं पँट धरून खोलीभर फिरले. नाझिमा तोंडाले ओढनी लावून भिंतीकडं तोंड करून उभी. सर मात्र अशा गंभीर चेहऱ्यानं समजावून सांगत होते का जसं काही झालंच नाही.

त्या मशीनचं मले जे सांगतलं ते मी सांगते. चुकलं तं माफ करा. एक दिवस सर म्हनले, "मावशी, हिरा पाह्यला काय?"

"मी कुठून पाहू बापा? माह्या गळ्यात काळे मनी होते, तेबी मालक गेले तवा उतरवले."

सर म्हनले, "हिऱ्याच्या आत एखादी जागा खाली राहते. तिथं एक कन राहते, भिंगरीसारखा. फिरत नाही, पन फिरल्यासारखा वागते. त्याच्यावर हिरवा उजेड टाकला का तो लाल उजेड देते. इतकासा. अन् हिऱ्याच्या वर अगदी जवळ दुसरी भिंगरी आनून ठेवली तं याचा उजेड जरासा बदलते. तो जरासा मले पकडाचा आहे."

"पकडून काय कराचं?"

"माझी माय दालमिलात डाळ निवडे. पोतंभर डाळीतून एक खडा काढे. मीबी तेच करून राहिलो."

एवढंच सांगून ते कामाले लागले. खरं कारन मले वत्सलाबाईकडून समजलं. त्या दरसाल नवरात्रात देवीच्या दर्शनाले अमरावतीले येत अन् लेकाकडं राहत. माह्याच जोडीच्या. दोघी पायरीवर बसून बोलत राहो. सरांची लहान बहीन होती, बेबी. तिले ते सिकलसेल होतं. आपल्या इकडं लय घरात आहे ते. रगतातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात अन् हाडं ठनकतात. पोरीचं अंग दुखे तं वत्सलाबाईनं पहिले अंगारा लावला, मंग गावातल्या एका बुवाकडं नेलं. दवाखान्यात नेली तवा उशीर झालता.

"माह्या हातानं गेली वं पर्वता," असं त्या म्हनत. दरसाल तेच, त्याच पायरीवर. "परमोद म्हनते, तुहा दोष नाही माय. पन मी तं अंगारा लावत बसली न."

सरांले रगतातल्या लोखंडाची भिंगरी पाहाची होती. एकच. पोतंभरातली नाही, एक. त्यांचं म्हननं होतं का एक पाहता आली तं पुढं कोनी तरी त्या रगताचं बिघडनं मुळापासून पाहीन. "मी नसन तवा," असंबी म्हनत. पन पहिली आपल्या इथून दिसली पाहिजे.

सोपं नव्हतं. बाहेरच्या देशात म्हने अशा खोलीचा पाया येगळा राहते, रस्ता हालला तरी खोली हालत नाही. इथं कापसाचा ट्रक गेला का भिंतीवरचं कॅलेंडर हाले. कूलर लावता येये नाही, तो थरथरते. लाईन केवाबी जाये. दुसऱ्या गावचे असे लोक म्हने रात्रीचं काम करतात. सरांनी अमरावतीची येगळीच तऱ्हा काढली. मे महिन्यात भर दुपारी काम करत. उन्हानं रस्त्यावर कुत्रं नसे, दुकानाचे अर्धे शटर खाली, सगळं गाव घरात पडलेलं. वर आग, तळघरात सर बनियनवर, डोक्यावर ओला दुपट्टा. नाझिमा रोज्यातबी येये. तिचा रोजा राह्यला का सरबी पानी पीत नसत. ती ओरडे, "सर, आपका क्या रोज़ा है?" सर म्हनत, "भिंगरीचा."

वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर लोक टोमने मारत. "काय डॉक्टरसाहेब, भिंगरी फिरली का?" सर म्हनत, "आज रुसली." रोजचं तेच. लोक हासून निघून जात. मले वाटे, एक दिवस तं हा मानूस चिडन. नाही चिडले.

अन् मंग त्या साली नवरात्रातच ती दिसली. मी पायऱ्या पुसून राहिली होती. आतून नाझिमाची किंचाळी आली. मले वाटलं शॉक लागला. बादली टाकून धावली, तं दाराजवळ थांबली, पिना काढल्या, मंग आत. कॉम्प्युटरवर एक रेघ सरळ चालली होती अन् एका जागी खाली वाकली होती. एवढंच. जशी वाटेत कोनी नमस्कार कराले वाकते.

सरांनी दाराशी येऊन टोपल्यातला मोबाईल उचलला अन् मायले फोन लावला. वत्सलाबाई सरांच्या राहत्या घरी उतरल्या होत्या. "माय, दिसला. एक कन दिसला."

तिकडून त्या काय म्हनल्या ते मले ऐकू आलं नाही. सर म्हनले, "हो. तसल्याच लोखंडाचा. बेबीच्या रगतात होता तसला."

फोन ठेवला अन् नाझिमाले म्हनले, "एकदा दिसला म्हनजे दिसला नाही. पुन्हा दिसला पाहिजे. दिवाळीनंतर पैसे देनाऱ्यायची कमिटी येते, त्यायच्या डोळ्यापुढं दिसला पाहिजे." त्या कमिटीच्या हातात सगळं होतं. तिनं हो म्हनलं तं खोली राहनार, मशीन राहनार, नाझिमाची पीएचडी होनार. नाही म्हनलं तं कुलूप.

मंग खंडेनवमी आली. आपल्या इकडं त्या दिवशी विळ्या-पावशीपासून ट्रॅक्टरपावतर सगळ्याची पूजा होते. कॉलेजातबी होये. बबनराव ताट घेऊन सगळ्या मशिनींले हळदकुंकू लावत फिरे. तळघरात मात्र फक्त चौकटीले लावाचं, असं सरांनी पहिल्याच साली सांगतलं होतं. सर अन् नाझिमा वर प्राचार्य साहेबाकडं कागद घेऊन गेले होते. तेवढ्यात वत्सलाबाई ताट घेऊन आल्या. बबनरावाले म्हनल्या, "माह्या लेकाचं मशीन आहे. त्यानं माह्या बेबीचं रगत पाह्यलं. मी त्याची पूजा नाही करू तं कोन करन?"

बबनरावाले मायले नाही म्हनता आलं नाही. कोनाले आलं असतं? त्यानं कुलूप खोललं, अन् काळ्या पेटीचं झाकनबी उचलून देलं.

मी बादली घेऊन खाली उतरली तवा सर अन् नाझिमा माह्या मांगंच होते. आत उदबत्तीचा धूर. पेटी उघडी. ज्या भिंगातून उजेड जाये त्या भिंगाले हळदकुंकवाची ओली बोटं. ज्या जागी हिरा बसवलेला तिथं कुंकू, अक्षदा अन् झेंडूचं फूल. बाजारचं गुलाबी चमकीचं कुंकू, वत्सलाबाई घरून करंड्यात घेऊन आल्या होत्या. त्या हात जोडून उभ्या होत्या. चेहरा असा का जशी लेक सासरहून घरी आली.

नाझिमाच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. सरांनी तिच्या हाताले हात लावला, अन् ती चूप झाली.

वत्सलाबाई म्हनल्या, "पाय पड परमोद. अन् रागावू नोको, मी लोखंड बाहेर काढूनच आली बा. पाह्य टोपल्यात."

टोपल्यात पाह्यलं. त्यांच्या पिना होत्या, घराची चावी होती, अन् जोडव्याले लोखंड राहते का काय म्हनून जोडवेबी काढून ठेवले होते.

सर पुढं झाले. त्यांनी मशीनले हात जोडले, वाकून डोकं टेकवलं. मंग मायच्या पाया पडले. "बरं केलं माय," म्हनले. मायनं पेढा भरवला, तो खाल्ला. आमालेबी खाले लावला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सरांनी मायले सोनं देलं, बडनेऱ्याहून गाडीत बसवलं, अन् मंग खोलीत आले. दार लावलं, दिवे बंद केले, हिरवा उजेड सोडला. मले अन् नाझिमाले हिरवा उजेड अडवनारे लाल काचेचे चष्मे देले. मी जे पाह्यलं ते मरेपावतर विसरनार नाही. साऱ्या खोलीत लाल ठिपके. भिंतीवर, पेटीत, वायरींवर, सरांच्या बाहीवर, माह्या फडक्यावर. कॉम्प्युटरच्या पंख्यानं, चालन्या-फिरन्यानं ते कुंकू उडून सगळीकडं बसलं होतं, अन् त्याचा रंगबी हिऱ्यातल्या कनासारखाच हिरव्या उजेडानं लाल चमके. ज्या मशीनले एका कनाचा लाल उजेड पाहाचा, तिच्यापुढं आता सगळी खोलीच लाल उजेड देऊन राहिली होती.

"मावशी, पाह्यलं?" सर म्हनले. "मायचं कुंकू."

नाझिमा खाली बसली अन् रडली. सर म्हनले, "ऊठ. पुसून पाहू."

आमी पुसलं. दिवाळीत घरी नाही गेलो, पुसलं. भिंत पुसली, फरशी पुसली, स्क्रूच्या खाचा काडीले कापूस लावून पुसल्या. फडका धुतला तं मोरीच्या पान्यात ते, मोरी पुसली तं हाताले ते. हिरवा उजेड सोडला का पुन्हा ठिपके. भिंगाले अक्षदा घासून ओरखडे पडले होते. हिरा सरांनी तेजाबात, म्हनजे ॲसिडात, उकळला. तो सोच्छ निघाला, पन त्याच्या वरच्या थराचं काहीतरी बदललं अन् ती भिंगरी विझली. तसला दुसरा हिरा बाहेरदेशातून आनाले वरीस लागलं असतं.

कमिटी आली. साहेबांनी पट्टे काढले, चाव्या टोपल्यात टाकल्या. आत रेघ सरळच चालली. वाकलीच नाही. एका साहेबानं विचारलं, "मशीनची ही दशा कशानं झाली?"

सर म्हनले, "माझी हयगय झाली."

नाझिमा पुढं आली. "सर, खरं सांगा न त्यांले!"

"नाझिमा, साहेबांसाठी चहा सांगून ये."

ती बाहेर आली, माह्याजवळ बसली, नखं खात राहिली. साहेब गेल्यावर ती सरांशी लय भांडली. तिचं खोटं नव्हतं. "सर, आपकी तो इज़्ज़त गई. मेरा क्या?"

सर म्हनले, "खरं सांगतलं तं उद्या पेपरात येईन. अडानी मायनं मशीन बुडवलं. गाव हासन. माझी माय पेपर नाही वाचत, पन शेजारीन वाचून दाखवन. एक पोरगी माह्या हातानं गेली असं ती आजबी म्हनते. दुसरं काही तिच्या हातानं गेलं, हे तिले समजलं नाही पाहिजे. बबनरावाची नोकरीबी जाईन." मंग आमच्याकडं पाहून म्हनले, "तुमाले मी हुकूम नाही करू शकत. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. बबनराव भिंतीले डोकं लावून रडत होता.

खोलीले कुलूप लागलं. मशीन ताडपत्रीत बांधून गोदामात गेली, त्याच मोडक्या बाकांजवळ. वरचे लोक म्हनाले लागले का परदेशातून हाकललेला होता, एकदा दिसलं म्हनते पन पाह्यलं कोनी. सर वऱ्हांड्यातून जात तं आवाज मुद्दाम मोठे होत. "काय डॉक्टरसाहेब, भिंगरी फिरली का?" आता सर 'रुसली'बी म्हनत नसत. चालत राहत.

नाझिमाचं शिक्षन अर्ध्यावर राह्यलं. सर यष्टीनं अचलपूरले गेले, तिच्या अब्बाची माफी मांगाले. कापडाचं लहान दुकान होतं त्यायचं. अब्बानं खुर्ची देली, शरबत देलं, अन् म्हनले, "सर, आपने लड़की को इतना पढ़ाया, वही बहुत है." सर वापस आले तवा मले म्हनले, "मावशी, त्या मानसानं दोन शिव्या देल्या असत्या तं मी जेवलो असतो आज." हे लिहिताना नाझिमाचा हात थांबला. मी म्हनलं, लिह्य.

मंग सर अकोल्याले गेले, मायजवळ. तिथं ट्यूशन क्लासमध्ये शिकवत, डॉक्टर-इंजिनेरच्या परीक्षेचं.

मी त्यायले शेवटी पाह्यलं ते अकोल्यालेच. माह्या भाचीकडं गेली होती, माह्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खंडेनवमीच होती. म्हनलं, वत्सलाबाईले भेटून येऊ. सर स्कूटरवरून आले. वाळून गेले होते, गालाची हाडं वर आलेली. घरात शिराच्या आंधी त्यांनी खिशातल्या चाव्या काढल्या, मनगटावरची घडी काढली, दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली, मंग उंबरा ओलांडला. त्या घरात काय होतं लोखंडाले भ्यासारखं? सवय राह्यली.

वत्सलाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. तवाच त्यायले कमी दिसे. चाचपडत स्कूटरले हळदकुंकू लावलं. मंग सरांच्या पेनले. मंग म्हनल्या, "चष्मा दे."

सरांनी चष्मा काढून देला. मायनं काचेलेच कुंकवाचं बोट लावलं.

"अन् तुही अमरावतीची मशीन रे? तिची पूजा केली का कोनी आज?"

"केली न माय. बबनरावानं केली. हे पाह्य, पर्वता मावशी तिथूनच आली."

वत्सलाबाईनं माह्याकडं तोंड केलं. "चालून राहिली न वं, पर्वता?"

सरांनी माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, "चालून राहिली बाई. झकास."

"मंग झालं," त्या म्हनल्या. "एक तं काम माह्या हातानं चांगलं झालं."

सर तसाच कुंकू लागलेला चष्मा घालून उभे होते. पुसला नाही. मी निघाली तवा गल्लीच्या तोंडापावतर सोडाले आले. वळून पाह्यलं तं तिथंच उभे, अन् दोन्ही काचांवर ते लाल बोट. त्यातून त्यायले मी दिसली का नाही, कोनाले मालूम.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. क्लासमधून आले, छाती दुखते म्हनून पडले, ते उठलेच नाहीत. मी भेटाले गेली तं वत्सलाबाई रडत नव्हत्या. माहा हात धरून म्हनल्या, "पर्वता, तो गेला. पन त्याची मशीन आहे न? मले एकदा ने वं. येत्या खंडेनवमीले मले तिले कुंकू लावाचं आहे. लेकीचं झालं, लेकाचं झालं. आता तेवढी एकच राह्यली माही."

मी हो म्हनून आली. माह्यानं आता अकोल्यापावतर जानं होत नाही, कॉलेजच्या पायऱ्या उतरनं होत नाही. पन ती बाई येईन. कोनाचा तरी हात धरून येईन. गोदामात ताडपत्रीवर घुशींनी घरं केली आहेत, ते तिले कोनी दाखवन, का 'ती तं कवाचीच बंद पडली आजी' असं सांगन, एवढीच मले धास्ती आहे.

म्हनून जो कोनी हे वाचन, अन् त्या कॉलेजात ज्याचं येनंजानं असन, त्याले माही इनंती आहे. अकोल्याची एक म्हातारी ताट घेऊन येईन. डोळ्याले पट्टी असल्यासारखी चाचपडत येईन. तिले काही सांगू नका. कोनतीबी एक मशीन दाखवा, चालू असलेली, जिचा थोडा आवाज येते अशी. कुंकू लावू द्या. पुसाचं तं ती गेल्यावर पुसा. अन् आत नेन्याच्या आंधी तिच्यापुढं एक टोपलं धरा, अन् म्हना का आजी, लोखंड काढून आत या. तवाच तिले खरं वाटन.